चौथा रिमोट

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या टेबलावर वेताची एक उथळ टोपली आहे. पूर्वी तीत अंडी ठेवीत असत. पुढे अंडी फ्रिजमध्ये गेली आणि टोपलीत रिमोट येऊन बसले. एक टीव्हीचा, दुसरा केबलवाल्याने दिलेल्या सेट-टॉप बॉक्सचा आणि तिसरा बाबांच्या जुन्या म्युझिक सिस्टीमचा. बाबांना उतारवयात कमी ऐकू येऊ लागले होते. नव्या चपट्या टीव्हीचा आवाज त्यांना पातळ वाटे. म्हणून त्यांनी बॉक्सच्या पाठीमागच्या लाल-पांढऱ्या वायरी ओढून म्युझिक सिस्टीमला जोडल्या आणि टीव्हीचे तोंड कायमचे बंद करून टाकले. चित्र एका डब्यात, आवाज दुसऱ्या डब्यात आणि दोघांना शिधा पुरवणारा तिसराच, अशी ही व्यवस्था! ती चालवण्याचा मान घरात एकट्या बाबांचा होता. जेवण आटोपले की ते आरामखुर्चीत बसत, टोपली मांडीवर घेत आणि एकामागून एक तिन्ही रिमोट असे रोखत, की पाहणाऱ्याला वाटावे, काहीतरी मोठे यंत्र सुरू होत आहे.

आई शेजारी बसे. रिमोटला तिने कधी हात लावल्याचे मला आठवत नाही. तिला हवे ते लागत असे, कारण तिला काय हवे ते बाबांना ठाऊक असे.

२०२२ च्या जानेवारीत बाबा गेले.

त्याच्या आधीपासूनच आईची नजर उतरत होती. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक बारीकसा भाग असतो, त्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, ही सारी कामे तो भाग करतो. वयोमानाने त्याची झीज झाली, की माणूस पूर्ण आंधळा होत नाही. कडेचे दिसत राहते, नेमके मधले तेवढे जाते. आईला खोलीत कोण आले ते कळते, चालण्याच्या ढबीवरून ओळखताही येते. परंतु ती ज्याच्याकडे पाहते त्याचा चेहराच नाहीसा होतो. टीव्ही बघताना ती मान किंचित उजवीकडे वळवून बसते. नवख्याला वाटावे, म्हातारीचे लक्ष खिडकीबाहेरच्या केळींकडे आहे. वास्तविक तेव्हाच ती पडद्यावरचे जास्तीत जास्त पाहत असते.

अशा डोळ्यांना रिमोटवरची अक्षरे काय दिसणार? मी तिला शिकवीत असे. आधी हा, मग हा, आणि शेवटी लांबट तो. मी रोज सकाळी सातच्या आत घर सोडून लोकलने मुंबई गाठणारा आणि रात्री साडेआठला परतणारा माणूस. माझी पत्नी शाळेत शिकवते. दिवसभर आई घरात एकटी. टीव्ही तिला सोबत म्हणून हवा होता, पाहायला म्हणून फारसा नव्हे. एका रात्री तिने चौथ्यांदा विचारले आणि मी, दिवसभराचा शिणलेला, म्हणालो, “आई, किती वेळा सांगायचं तेच तेच?” ती काही बोलली नाही. मीही ते विसरलो.

२०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी रात्री आमच्याकडची वीज गेली. वसईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. ती पहाटे कधीतरी आली. नंतरच्या गुरुवारी मला सुट्टी होती. दुपारी खाली आलो तर आई नेहमीच्या जागी, नेहमीसारखी मान वळवून बसलेली. समोर टीव्हीचा पडदा निळा. त्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी तरंगत होती. आवाज नव्हताच. पावसाचाच काय तो होता.

“आई, हे कधीपासून?”

“चालू आहे की,” ती म्हणाली.

“चालू कुठे आहे? आवाज नाही, काही नाही.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “सोमवारपासून. तू दमून येतोस. म्हटलं, येईल आपोआप.”

सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन दिवस ती त्या निळ्या उजेडासमोर ठरल्या वेळी येऊन बसली होती आणि ठरल्या वेळी उठली होती. मी खाली बसून तिन्ही रिमोट हाती घेतले आणि दोन मिनिटांत सगळे पूर्ववत केले. त्या दोन मिनिटांची मला जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात फार थोड्या गोष्टींची वाटली असेल.

झाले होते ते असे. वीज जाऊन आली की प्रत्येक यंत्र आपापल्या स्वभावानुसार जागे होते. आमचा बॉक्स आपण होऊन चालू होतो. टीव्ही झोपूनच राहतो. म्युझिक सिस्टीमही झोपते, आणि वीज बराच वेळ गेलेली असली तर जाग आल्यावर वायरीकडचा आवाज न घेता रेडिओवर जाऊन बसते. आईने चाचपडत टीव्ही लावला, त्या नादात टीव्हीच्या रिमोटवरची, चित्र कुठल्या वायरीतून घ्यावे हे ठरवणारी कळ दाबली गेली. एका चुकीत चित्र गेले, आवाज आधीच गेलेला होता. डोळस माणूस पडदा वाचून मार्ग काढतो. तिला कशाचाच पत्ता लागेना.

दुसऱ्या शनिवारी मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे झाले त्याला कैक वर्षे लोटली, पण वायर, सोल्डर आणि सुटे भाग घेणाऱ्यांच्या तोंडी अजून लॅमिंग्टनच आहे. तिथे एका अरुंद दुकानात मी सर्व यंत्रांना चालणारा एकच रिमोट मागितला. दुकानदाराने दोन पुढे ठेवले. एक स्वस्त, ज्याच्या पोटात निरनिराळ्या कंपन्यांचे संकेत आधीच भरलेले असतात. दुसरा थोडा महाग, जो जुन्या रिमोटकडून शिकूनही घेतो. “शिकणारा घ्या,” तो म्हणाला, “पुढे शिव्या देणार नाही.” मी साडेचारशे रुपये देऊन शिकणारा घेतला.

त्या रात्री मात्र मी त्याला काही शिकवले नाही. सोबत एक घडीपत्रक होते, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत चार-चार आकडी संकेतांचे रकानेच्या रकाने. टीव्हीची कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायची, संकेत घालायचा, टीव्ही बंद होतो का पाहायचे. नाही झाला तर पुढचा संकेत. एका संकेताने टीव्ही बंद झाला म्हणून मी आनंदलो, पण चॅनेलच्या कळा ढिम्म! म्हणजे तो कुठल्यातरी चुलत भावंडाचा संकेत होता. बंद करण्याची खूण दोघांची सारखी, बाकी सगळे वेगळे. पाचव्या संकेताला जमले. मग बॉक्स. मग मी एक चलाखी केली. एकच कळ दाबली की तिन्ही यंत्रांना ओळीने ‘चालू’चा निरोप जावा अशी सोय त्या रिमोटात होती. म्युझिक सिस्टीमचा संकेत यादीत नव्हताच, ती कंपनी असले यंत्र केव्हाच बनवेनाशी झाली. तेव्हा तिच्यापुरती दोन-तीन बटणे जुन्या रिमोटवरून उचलली. एका कळीत सगळे! मी आईला प्रात्यक्षिक करून दाखवले आणि विजयी मुद्रेने झोपलो.

तो आनंद चार दिवस टिकला. यात दोन खोडी होत्या आणि दोन्ही मला आधी कळायला हव्या होत्या. पहिली अशी, की या यंत्रांना ‘चालू हो’ आणि ‘बंद हो’ असे दोन निराळे निरोप सहसा नसतात. निरोप एकच, ‘आहेस त्याच्या उलट हो.’ बॉक्स आधीच जागा असेल तर तो निरोप ऐकून झोपतो. तिघांतील एकाचे जरी चुकले, तरी पुन्हा कळ दाबल्यावर तिघेही उलटतात. चुकलेला चुकलेलाच राहतो, फक्त बाजू बदलतात. वीज गेली की हे ठरलेले. दुसरी खोड अशी, की असल्या रिमोटवर वरच्या ओळीत टीव्ही, बॉक्स, ऑडिओ अशा कळा असतात. ज्याच्याशी बोलायचे त्याची कळ आधी दाबावी लागते. तीन रिमोटांचा घोळ एका रिमोटात कोंबला एवढेच. पूर्वी हातातल्या रिमोटच्या आकारावरून तरी आईला कळत असे की आपण कोणाशी बोलतो आहोत. आता तेही गेले.

मी आणखी एक शहाणपणा केला होता. कळांवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या होत्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. आईने बोट फिरवून विचारले, “हे काय आहे?” मी सांगितले. ती हसली. बाबा गेल्यानंतर ती अशी मोकळेपणी क्वचितच हसली असेल. म्हणाली, “रंग कोणासाठी लावलेस? तुझ्यासाठी?”

पुढच्या रविवारी मी सगळे पुसून टाकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी आईला शेजारी बसवून घेतले. तिने पहिला प्रश्न विचारला तो मला कधी पडलाच नव्हता. “हा इथून काय फेकतो, की तिकडे कळतं?”

मी सांगितले, उजेड. तिला खोटे वाटले. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्याही अलीकडचा उजेड असतो. रिमोटच्या तोंडाशी असलेला बारीक दिवा तोच फेकतो. बहुतेक रिमोटांत हा उजेड साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. खोलीत ऊन असते, इतर दिवे असतात. त्या गर्दीत आपला निरोप ओळखू यावा म्हणून हा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि लुकलुकण्याच्या मधल्या लहानमोठ्या खंडांत निरोप भरलेला असतो. फार प्रचलित अशा एका पद्धतीत आधी यंत्राचा पत्ता जातो, मग आज्ञा, आणि प्रत्येकापाठोपाठ त्याचेच उलटे रूप जाते, म्हणजे ऐकणाऱ्याने दोन्ही ताडून पाहावे. पत्ता आपला नसेल तर यंत्र गप्प बसते.

मोबाइलच्या पुढल्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून कळ दाबली, की पडद्यावर तो दिवा जांभळट पांढरा दिसतो. रिमोट निरोप फेकतो की नाही, हे तपासायचा याहून सोपा उपाय नाही. आईने मान वळवून, कडेच्या नजरेने तो जांभळा ठिपका पाहिला. “दिसला,” ती म्हणाली. “बरं, आता पुढे.”

उजेडाने टीव्ही चालवण्याची कल्पना तशी जुनीच. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५० साली आणलेल्या पहिल्या रिमोटला वायर होती आणि घरातले लोक तिला अडखळून पडत. १९५५ साली त्याच कंपनीतल्या युजीन पॉली यांनी बॅटरीसारखा झोत टाकणारा रिमोट काढला. परंतु खिडकीतून ऊन आले की टीव्ही मनाने चॅनेल बदलू लागे. पुढल्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी उजेड सोडून आवाज घेतला. कळ दाबली की आत एक लहानशी हातोडी अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला ऐकू न येणारा स्वर निघे. सेलची गरजच नाही! फक्त कोणी किल्ल्यांचा जुडगा वाजवला तरी कधी कधी चॅनेल बदले. आणि अनेक रिमोटांची कामे शिकून एकट्याने करणारा रिमोट काढण्यासाठी अ‍ॅपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांनी, अ‍ॅपल सोडल्यावर, स्वतंत्र कंपनी काढली होती. त्यांचा रिमोट १९८७ साली बाजारात आला. मी हे आईला सांगत होतो. ती म्हणाली, “म्हणजे साहेबांच्या घरीही टोपली होती तर.”

असो. शिकवण्याची रीत अशी. दोन्ही रिमोट टेबलावर समोरासमोर, नाकाला नाक लावल्यासारखे, दोन-तीन बोटांच्या अंतरावर ठेवायचे. नव्याला शिकण्याच्या स्थितीत आणायचे, त्याची एक कळ दाबायची, मग जुन्याची हवी ती कळ दाबायची. नव्याचा दिवा दोनदा लुकलुकला, की तो शिकला. वरच्या ओळीतील यंत्र निवडण्याच्या कळांचा आम्ही नादच सोडला. एकाच ठिकाणी सगळे शिकवले. आकडे आणि चॅनेल बदलणे बॉक्सच्या रिमोटवरून, तांबडी कळ टीव्हीच्या रिमोटवरून, आवाज कमी-जास्त म्युझिक सिस्टीमच्या रिमोटवरून. बॉक्स कधी बंद करायचाच नाही असे ठरले, म्हणजे त्याच्या उलटसुलट होण्याचा प्रश्न मिटला. म्युझिक सिस्टीम चालू करणे आणि तिला रेडिओवरून परत वायरीवर आणणे, यांसाठी खालच्या दोन मोकळ्या कळा घेतल्या. एकूण सतरा. टीव्हीची ती घातकी कळ, जिने तीन दिवस खाल्ले, ती मात्र नव्याला शिकवलीच नाही. जे त्याला ठाऊकच नाही, ते त्याच्या हातून घडणार कसे?

सोळा कळा झाल्या. सतरावी, म्हणजे आवाज वाढवण्याची, काही केल्या जमेना. बाबांच्या रिमोटवर तीच कळ सर्वांत झिजलेली, तिच्यावरची खूणही पुसून गेलेली. मोबाइलसमोर धरून पाहिले तर बाकीच्या कळांना जांभळा ठिपका येई, हिला नाही. मी स्क्रू काढून, चाकूने कड उचकटून रिमोट उघडला. या कळांच्या खाली रबराचा एक पापुद्रा असतो आणि प्रत्येक कळीच्या तळाशी कार्बनची काळी टिकली. ती खालच्या पट्टीला टेकली की दोन तारा जुळतात. टिकली झिजली की कळ मरते. दुकानदार अशा वेळी नवा रिमोट घ्या म्हणतात.

आवाज वाढवण्याच्या कळीखाली काळी टिकली नव्हती. तिच्या जागी चॉकलेटच्या वेष्टनातला चांदीचा कागद होता, कात्रीने नेमका गोल कापून चिकटवलेला. त्याचा डिंक सुटून तो थोडा बाजूला सरकला होता, एवढेच. बाबांनी हे केव्हा केले, देव जाणे. त्यांचे हात शेवटी शेवटी कापत असत.

“काय झालं?” आईने विचारले. मी तो रबराचा पापुद्रा तिच्या हातात दिला आणि तिचे बोट त्या जागेवर ठेवले. तिने बराच वेळ बोट फिरवले.

“नाताळातलं चॉकलेट असेल,” ती म्हणाली. “मी फेकायला निघाले तर ह्यांनी कागद मागून घेतला होता. म्हटलं, पोरासारखे कागद कसले जमवता.” मग म्हणाली, “मला मोठा आवाज नको असायचा. मी म्हणायची, कमी करा. मग झोप लागली मला, की वाढवायचे.”

मी चिमटीने तो कागद जागेवर सरकवून नव्याने चिकटवला. जांभळा ठिपका आला. नवा रिमोट सतरावी कळ शिकला.

आता खुणांचा प्रश्न. पाचाच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो, तो आईला लगेच सापडला. तिथून वर दोन, खाली आठ, हे तिने एका संध्याकाळीत पाठ केले. टीव्हीवरच्या चॅनेलांचे आकडे तिला मला ठाऊक होते त्याहून अधिक ठाऊक निघाले. बाबा दाबताना तोंडाने पुटपुटत, त्यामुळे. बाकीच्या कळांसाठी तिने सुनेकडून फेविकॉल मागवला आणि स्वयंपाकघरातून तीन वाट्या. तांबड्या कळीवर मोहरी, म्युझिक सिस्टीम चालू करणाऱ्या कळीवर तांदळाचा दाणा, वायरीवर आणणाऱ्या कळीवर तुरीची डाळ. वरच्या ओळीवर पुठ्ठ्याची पट्टी. इतकी वर्षे हाताने धान्य निवडलेल्या बाईला या तिघांत घोळ होणे शक्य नव्हते. आवाज नसेल तर तांदूळ. तांदळाने रेडिओ लागला तर डाळ. शिकवणी संपली!

महिन्याभराने तांदूळ नाहीसा झाला. मुंग्यांचे काम असावे. मी सहज म्हणालो, तुटलेल्या जपमाळेचे मणी पडले आहेत, त्यातला एक लावू का? आई इतकी रागावली की काही विचारू नका. “आशीर्वादित मणी टीव्हीला लावतोस? शाळेत काय शिकवलं तुला?” शेवटी शिवणाच्या डब्यातले एक बारीक बटण लागले. ते अजून आहे.

त्यानंतर वीज कितीदा गेली त्याची गणती नाही. एका रात्री मी वरच्या खोलीत जागा होतो. दिवे आले आणि मी सवयीने उठून जिन्यापर्यंत गेलो. खाली अंधारात क्षणभर शांतता, मग रेडिओची खरखर, मग ती तुटून बातम्या देणाऱ्याचा आवाज. मी तिथूनच परतलो.

बाबांचा रिमोट आता टोपलीत एकटाच असतो. बाकीचे दोन मी कपाटात टाकले. त्याचेही काम उरलेले नाही. परवा साफसफाई करताना मनात आले, आतले सेल जुने झाले की फुटतात, त्यांचा खार सुटून पत्रे खातो. म्हणून मी ते काढून टाकले आणि रिमोट पुसून जागेवर ठेवला. आईला काही सांगितले नाही. संध्याकाळी ती टोपली चाचपत होती. तिने तो उचलला, तळहातावर ठेवला आणि म्हणाली, “हलका लागतो.”

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन नवे सेल आणले आणि आत घातले.